आधी सेल बदला, मग पासवर्ड मागा, नवीन वेबसाइटचं नंतर बघू

पत्र असं आलंय: "ताई, माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने वेबसाइट करून दिली, गूगलवर दुकान टाकून दिलं, कॉम्प्युटर बिघडला तरी तोच बघायचा. आता त्याला नोकरी लागलीये, फोन क्वचित उचलतो. महिनाभरापासून दुकानातल्या कॉम्प्युटरवर आमची वेबसाइट उघडली की कनेक्शन खाजगी नाही असं लाल खुणेचं पान येतं. भाच्याच्या मोबाइलवर मात्र उघडते. एका कंपनीचा फोन आला, ते म्हणाले वेबसाइट हॅक झालीये, नवीनच करावी लागेल, वर्षाचे पैसे एकदम भरले तर गूगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी. कॉम्प्युटरवाला म्हणतो हा नऊ वर्षांचा झाला, टाकून द्या. हळू तर झालाच आहे, आणि रोज सकाळी चालू केला की एफ१ दाबा म्हणतो, तारीख पण कुठली तरी जुनीच दाखवतो, भाचा नीट करून जातो, दुसऱ्या दिवशी परत तेच. सगळा हिशोब आणि गिऱ्हाइकांच्या नोंदी त्याच्यातच आहेत. काय करू, पैसे भरू का?"

दादा, नमस्कार. पैसे भरू नका. अजून एकही पैसा कुणाला देऊ नका, आधी हे सगळं शांतपणे वाचा.

तुम्ही पत्राच्या शेवटी जे सहज लिहून टाकलंय ना, एफ१ दाबा म्हणतो आणि तारीख जुनी दाखवतो, त्यातच बहुतेक तुमच्या लाल पानाचं उत्तर आहे. कॉम्प्युटरच्या आत, मुख्य बोर्डावर, एक बटणासारखा चपटा गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला आणि तुम्ही रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचं मेन बटणही बंद करून गेलात (बहुतेक जण जातातच आणि ते बरोबरच आहे) की कॉम्प्युटर तारीख वेळ विसरतो आणि सकाळी काही तरी वर्षं मागची तारीख धरून उठतो, सेटिंगही विसरलेली असतात म्हणून एफ१ दाबा म्हणतो.

आता याचा वेबसाइटशी काय संबंध? वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं, त्यासाठी प्रत्येक साइटकडे एक सर्टिफिकेट असतं आणि त्याच्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं असतं. लेट्स एन्क्रिप्ट म्हणून एक संस्था ही सर्टिफिकेटं फुकट देते, पुष्कळ छोट्या साइट त्याच्यावरच चालतात, आणि तिची नेहमीची सर्टिफिकेटं बरीच वर्षं ९० दिवसांची असायची, म्हणजे ती आपोआप सारखी नवीन होत राहतात. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतंय की आज काही वर्षांपूर्वीचा दिवस आहे, आणि समोर आलेलं सर्टिफिकेट तर अजून सुरूच व्हायचंय! मग ब्राउझर म्हणणारच की हे काही तरी गडबड आहे, जाऊ नका. साइटचं सर्टिफिकेट बिचारं बहुतेक ठीकच आहे, भाच्याच्या मोबाइलवर उघडतेय हीच त्याची खूण. अजून एक खात्री करून बघा, उद्या सकाळी भाचा तारीख नीट करायच्या आधी दुसऱ्या दोन तीन साइट उघडा, तिथेही असंच पान येत असेल तर शंकाच नको.

म्हणजे ज्या माणसाने फोनवरून सांगितलं की हॅक झालीये त्याने तुमची साइट उघडूनसुद्धा बघितली नसणार. मला याचा खरंच राग येतो, कारण छोटा दुकानदार घाबरतो आणि घाबरलेला माणूस लगेच पैसे देतो.

सेल बदलायचं काम तुमच्यासारख्या माणसाला काहीच नाही, तुम्ही बॉबिन केसचा तो केसाएवढा स्क्रू फिरवून टेन्शन लावता. पण त्याच्या आधी एक काम, हिशोबाची आणि नोंदींची कॉपी काढा (त्याचं खाली सविस्तर लिहिलंय), कॉपी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मग कॉम्प्युटर नीट शट डाउन करा, वायर भिंतीतून काढा, चालू करायचं बटण पाच दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज जाते, ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो त्या डब्याचं बाजूचं झाकण काढा आणि मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच आत हात घाला, अंगातल्या स्थिर विजेने बोर्ड खराब होऊ शकतो. सेल एका छोट्या क्लिपमध्ये असतो, क्लिप बाजूला ढकलली की टुणकन वर येतो, नवीन बसवताना अक्षरं लिहिलेली अधिकची बाजू वर. चालू केल्यावर एकदा अजून एफ१ वगैरे विचारेल, सेटिंगमध्ये जाऊन तारीख वेळ घाला आणि सेव्ह करून बाहेर या. रात्री मेन बंद करून जा आणि सकाळी तारीख बघा.

झाकण उघडलंच आहे तर आत पंखा बघा. नऊ वर्षांत साफ केला नसेल तर पंखा आणि त्याच्या खालची ॲल्युमिनियमची पाती यांच्यामध्ये धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला असतो, आणि तुमच्या दुकानात तर कापडाच्या धाग्यांचा बारीक भुगा पण उडणार, शिलाई मशीनच्या दातांखाली जो साठतो तोच. तो साचला की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःहून वेग कमी करतो. पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा (मोकळं फिरू देऊ नका) आणि मऊ ब्रशने किंवा हवेच्या ब्लोअरने काढा. ओलं फडकं नको, तेल तर अजिबातच नको, सवयीने हात जाईल म्हणून सांगतेय.

आता कॉपीचं. दादा, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटली असेल तर त्या "त्याच्यातच आहेत" या दोन शब्दांची. नऊ वर्षांची हार्ड डिस्क, आत चकत्या फिरतात मिनिटाला हजारो फेऱ्यांनी, ती कधी तरी जाणारच आहे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांच्या डिस्कमधून टक टक आवाज यायला लागला होता, कुणी तरी सांगितलं परत परत चालू करून बघा, त्यांनी दोन दिवस तेच केलं. असा आवाज म्हणजे आतलं, चकतीवरचं वाचणारं हेड नीट चालत नाहीये, दर वेळी चालू केलं की चकती अजून खरवडते. डिस्क माझ्याकडे आली तोपर्यंत काहीच निघालं नाही, सहा वर्षांची बिलं गेली. त्या रडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या, ते मला अजून आठवतं. टक टक आली की लगेच बंद करायचं आणि डेटा काढून देणाऱ्या माणसाकडेच न्यायचं, दुसरं काही नाही. तुमची आत्ता चालतेय तोवरच कॉपी काढा, आजच. नियम सोपा आहे, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक दुकानाच्या बाहेर. कॉम्प्युटरमधली एक, एका बाहेरच्या डिस्कवर दुसरी जी घरी घेऊन जायची, आणि तिसरी क्लाउडवर. बाहेरची डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवू नका, व्हायरसने फाइली लॉक केल्या तर लावलेली डिस्क पण लॉक होते. आणि महिन्यातून एकदा त्या कॉपीतली एखादी फाइल उघडून बघा, कितीतरी लोकांची कॉपी वर्षभर रिकामीच जात असते आणि कळतं कधी, तर गरज पडते तेव्हा.

कॉम्प्युटर टाकून द्यायचा का? तुमचा कॉम्प्युटरवाला अर्धा बरोबर आहे. हळू झालाय ते बहुतेक त्या फिरणाऱ्या डिस्कमुळे, टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कच्या खाली सारखं १०० टक्के दिसत असेल तर तेच. तिच्या जागी एसएसडी (आत काहीच न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली आणि जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून घेतलं तर तोच कॉम्प्युटर ओळखू येणार नाही इतका सुधारतो, फॉरमॅट मारायची पण गरज नाही. पण त्याच्यावर विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टचा त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर लागतो, नऊ वर्षांच्या कॉम्प्युटरमध्ये तो बहुतेक नसतो. सुरक्षेचे अपडेट न येणाऱ्या कॉम्प्युटरवर पैशाचे व्यवहार करणं मला पटत नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर आत्ता सेल आणि सफाई एवढंच करून, घाई न करता, दोन तीन महिन्यांत नवीन कॉम्प्युटर चांगला बघून घेतला असता, आणि तोवर बँकेचं काम मोबाइलवर. नवीन घेताना ८ जीबीच्या खाली रॅम नको आणि एसएसडीच हवी, बाकी दुकानदार काय काय दाखवेल तिकडे हिशोबाच्या कामासाठी बघायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं मोठं उत्तर लिहायला बसले. तुमची वेबसाइट कुणाच्या नावावर आहे?

तुम्ही म्हणाल माझीच की. पण बघा, वेबसाइट म्हणजे एक वस्तू नसते. डोमेन म्हणजे नाव, ते एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, वर्षाच्या बोलीवर घेतलेलं असतं. होस्टिंग म्हणजे जागा, जिथे फाइली ठेवल्यात. साइटच्या आतला ॲडमिनचा लॉगिन वेगळा. गूगलवरचं दुकान म्हणजे बिझनेस प्रोफाइल, ते कुणाच्या तरी ईमेलवरून उघडलेलं असतं. जाहिराती केल्या असतील तर त्यांचं खातं अजून वेगळं. हे सगळं त्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि वाईट हेतूने नाही हं, त्या वेळी तेच सोपं असतं, तुम्हीच म्हणाला असाल की तूच बघ बाबा, मला त्यातलं काही कळत नाही. पण आज अशी वेळ आहे की दुकान तुमचं, पाटी तुमची आणि कुलपाची चावी दुसऱ्याच्या खिशात.

तर त्याला फोन करत बसू नका, एक मेसेज पाठवा, नोकरीवाल्या माणसाला मेसेजला उत्तर देणं सोपं जातं. असं लिहा, "बाळा, तू केलेलं काम अजून छान चालतंय. तुला आता वेळ होत नाही हे मला कळतं, म्हणून सगळं माझ्या नावावर करून घ्यायचंय. डोमेन कुठून घेतलं आणि त्याचा लॉगिन, होस्टिंगचा लॉगिन, साइटचा ॲडमिन पासवर्ड, आणि गूगल प्रोफाइलची मालकी माझ्या ईमेलवर, एवढं करून दे. रविवारी तासभर बसू, तुझ्या वेळेचे पैसे मी देणार आहे." ते शेवटचं वाक्य मनापासून लिहा आणि खरंच द्या. सहा वर्षं त्याने सांभाळलंय, आणि बहुतेक वेळा हा माणूस वाईट नसतो, त्याला फक्त वाटत असतं की फोन उचलला की अजून एक फुकटचं काम मागे लागणार.

बसाल तेव्हा नुसते पासवर्ड वहीत लिहून घेऊन उठू नका. प्रत्येक खात्यात ईमेल तुमचा घाला, ओटीपीचा मोबाइल नंबर तुमचा घाला, हे लोक हमखास विसरतात आणि मग पासवर्ड असूनही आत जाता येत नाही कारण ओटीपी त्याच्या फोनवर जातो. मग पासवर्ड बदला. दुकानासाठी वेगळा ईमेल आधीच काढून ठेवा, घरच्या ईमेलवर नको. गूगल प्रोफाइलमध्ये मालक आणि मॅनेजर असे वेगळे हक्क असतात, मुख्य मालक तुम्ही व्हा, त्याला हवं तर मॅनेजर ठेवा. पुढे कुणालाही काम द्याल तेव्हा हाच नियम, हक्क द्यायचा, मालकी द्यायची नाही.

आणि तो आलाच नाही तर? डोमेनचं नाव आयकॅनच्या (डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) लुकअप पानावर टाकून बघा, मालकाचं नाव आजकाल लपवलेलं असतं पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मग जुनी बिलं, पैसे दिल्याचे मेसेज, दुकानाचे कागद घेऊन त्या रजिस्ट्रारच्या सपोर्टला लिहा. मुदत संपायच्या आधी रजिस्ट्रारने साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी अशी दोनदा सूचना पाठवायची असते, पण ती जाते खात्यावरच्या ईमेलवर, म्हणजे त्याच्याकडे. डॉट कॉमसारखं नाव मुदत संपल्यावर लगेच जात नाही, रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवस साधं रिन्यू करता येतं, मग ते डिलीट झालं तरी ३० दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, पण त्यानंतर कुणीही घेऊ शकतं, आणि चालू दुकानाची जुनी नावं उचलायला लोक टपलेलेच असतात. देशाच्या नावाने संपणाऱ्या डोमेनचे नियम त्या त्या देशाप्रमाणे वेगळे असतात. गूगल प्रोफाइलसाठी मालकी मागायची सोय त्यांच्याच पानावर आहे, जुन्या मालकाला उत्तर द्यायला काही दिवस मिळतात, त्याने काहीच कळवलं नाही तर बरेचदा तुम्हाला स्वतः पडताळणी करून ताबा घेता येतो.

पहिल्या नंबरच्या गॅरंटीचं थोडक्यात सांगते. गूगल स्वतः लिहून सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. आसपासच्या दुकानांच्या यादीत वर कोण येणार ते तीन गोष्टींवर ठरतं असं तेच सांगतात, शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणारा किती लांब आहे, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे. पैसे भरून त्या यादीतला क्रमांक वाढत नाही. गॅरंटीवाले बहुतेक तुमच्या दुकानाच्या पूर्ण नावावर पहिला नंबर आणून दाखवतात, तो तर आत्ताही येत असेल, शोधून बघा.

त्यापेक्षा तुमच्या हातात जे आहे ते करा. प्रोफाइलमध्ये प्रकार नीट निवडा, वेळा बरोबर ठेवा, सुट्टी असेल तेव्हा तिथे टाका, आणि फोटो टाका, पण पाटीचे नकोत. उघडलेली मशीन, झिजलेला हुक आणि त्याच्या शेजारी नवीन हुक, असे. ज्याच्या मशीनचा धागा सारखा तुटतोय तो माणूस असा फोटो बघितला की थांबतो. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला रिव्ह्यू लिहायला सांगा, पण बदल्यात सूट देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही, विकत घेतलेले रिव्ह्यू तर नकोच नको. वाईट रिव्ह्यू आला तर एका दिवसाने उत्तर द्या, त्याच दिवशी नको.

साइटवरचं एक मात्र बघून घ्या. मोबाइलने काढलेले फोटो जसेच्या तसे चढवले असतील तर एकेक चार पाच एमबीचा असतो, असे दहा पहिल्याच पानावर असले की कमी नेटवर्कवाला माणूस कंटाळून परत जातो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे. फोटो छोटे करून, दीड दोनशे केबीपर्यंत आणून परत चढवायचे, भाचा एका संध्याकाळी करेल. आणि फोन नंबर चित्रात लिहिलेला नको, दाबला की फोन लागला पाहिजे असा हवा.

जाहिरात पुढे कधी कराल तेव्हा स्वतःच्या खात्यातून करा आणि दर आठवड्याला लोकांनी नेमकं काय शोधून तुमची जाहिरात बघितली ती यादी उघडून वाचा. जाहिरातीसाठी तुम्ही दिलेल्या शब्दाचा अर्थ गूगल सैल धरतं, मशीन दुरुस्तीच्या जाहिरातीवर वॉशिंग मशीनवाले क्लिक करत राहतात आणि पैसे तुमचे जातात. असे शब्द नको म्हणून टाकता येतात. जागेच्या सेटिंगमध्ये पण, आधीपासून असतं तेच राहू दिलं तर तुमच्या भागात नसलेल्या पण तिथल्याबद्दल शोधणाऱ्या लोकांनाही दाखवतं, ते बदलून फक्त तिथे असलेल्यांना असं करा.

त्या कंपनीचा परत फोन आला तर वेबसाइट ठीक आहे, नको, एवढंच बोला. कॉम्प्युटर बघतो म्हणून एखादं ॲप टाकायला आणि त्यातला नंबर सांगायला सांगितलं तर फोन ठेवून द्या.

सेल बदलूनही सकाळी लाल पान आलं तर त्या पानाचा फोटो आणि त्याच वेळची कॉम्प्युटरची तारीख दिसेल असा फोटो मला पाठवा, मग सर्टिफिकेटचं बघू. आणि डोमेनची मुदत आजच बघा दादा, ती महिन्याभराच्या आत असेल तर मेसेजची आणि रविवारची वाट बघू नका, संध्याकाळी दुकान बंद केलं की सरळ त्या मुलाच्या घरी जाऊन बसा.